उघड्या छपराचा उन्हाळा

रोहिण्या लागल्या की आमच्या काचीगुड्यात गच्च्यांवरून ठोकाठोकीचे आवाज यायला लागतात. कुणी भेगा बुजवत असतं, कुणी डांबर तापवत असतं. त्या डांबराचा वास दुपारच्या झळांबरोबर खिडकीतून आत येतो आणि पडद्यांना चिकटून बसतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याही स्लॅबला ओल धरली, म्हणून माझी नात केतकी सध्या कंत्राटदार शोधते आहे. रोज एक जण येतो, गच्चीवर जातो, जोडे वाजवत खाली येतो आणि फार बोलतो.

"आजी, हा बोलतो दहा वर्षं एक थेंब नाही गळणार. दुसरा नुसतं 'देखेंगे' बोलतो. कोणाला द्यायचं?"

"पाऊस सुरू झाल्यावर बोलावलं तर येईल का, ते विचार," मी म्हणते.

ती हसते. तिच्या दृष्टीने हा म्हाताऱ्या बाईचा भाबडा सवाल आहे. मला मात्र तो भाबडा वाटत नाही. कारण मिस्त्री निवडणं ही गोष्ट एका उन्हाळ्यात आमच्या घरात जिवावरची झाली होती.

पोलीस ॲक्शन होऊन संस्थान हिंदुस्थानात आलं, त्याच्या आधीचा तो उन्हाळा. परभणीहून लग्न होऊन मी ह्याच जागेवरच्या कौलारू घरात आले होते. कौलांना इकडे कवेलू म्हणतात. एका ओळीत तीन खोल्या, मधलीत स्वयंपाक, मागे अंगण, बोअरिंगच्या जागी तेव्हा आड होता. घरात माणसं दोनच, मामंजी आणि मी. सासूबाई आधीच गेलेल्या. मामंजींनी सारी हयात शाळेत गणित शिकवलं आणि आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस समोर आला तर त्यांना फक्त सावली दिसायची. आणि हे? हे हिवाळ्यातच सरहद्दीपलीकडे, सोलापूरकडच्या छावणीत गेले होते. संस्थान हिंदुस्थानात सामील व्हावं म्हणून धडपडणाऱ्या मुलांपैकी एक. विचारणाऱ्याला आम्ही सांगायचो, नोकरीसाठी मुंबईला गेलेत. सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढायचा, आणि मामंजी हाताने खूण करायचे, हळू.

शहर तेव्हा वरून शांत होतं. गाड्या शिट्या देत होत्या, नारायणगुड्यातली दुकानं उघडत होती. पण मीठ मिळेनासं झालं होतं, रॉकेल मिळेनासं झालं होतं, आणि शेजारच्या बिऱ्हाडांच्या दारांना एकेक करून कुलपं लागत होती. कुणी नागपूर, कुणी बेझवाडा. संस्थान वेगळंच राहावं म्हणणारे खाकी कपड्यांतले स्वयंसेवक भाले-बंदुका घेऊन रस्त्याने कवायत करत जायचे. त्यांचं नाव घरात घ्यायचं नाही, असा मामंजींचा दंडक होता. आम्ही नुसतं 'ते' म्हणायचो. 'ते' आज स्टेशनाकडून गेले. 'ते' काल चादरघाटच्या पुलावर उभे होते.

आणि अशात आमच्या छपराचं आढं वाकलं. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं मधलं लाकूड, ज्याच्या आधाराने दोन्ही बाजूंचे उतार उभे राहतात. एका सकाळी मधल्या खोलीत कर्रकन आवाज झाला आणि वाळवीची माती माझ्या पोळपाटावर पडली. मी शिडी लावून वर चढले. मामंजी खाली शिडी धरून उभे.

"काय दिसतं?"

"वासे पोखरलेत. हात लावला की भुगा पडतो."

"सगळे?"

"सगळे, मामंजी."

त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली. मग म्हणाले, "म्हणजे शाकारून भागणार नाही. छप्पर उतरवून नवं करावं लागेल."

शेजारी गुंडेराव राहायचे, हायकोर्टातले वकील. रोज सकाळी येऊन ते मामंजींना उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्यांना हे कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "मास्तर, लोक घरं सोडून चालले आणि तुम्ही घर उघडं करता? छपरावर चढलेल्या माणसाला चार घरांची अंगणं दिसतात. कुणाला चढवणार वर?"

"उस्मानला. आणखी कुणाला?"

उस्मान मिस्त्री मलकपेठेत राहायचे. आमचं छप्पर वर्षानुवर्षं त्यांनीच शाकारलं होतं. रोहिण्यांच्या आधी न बोलावता ते यायचे. त्या वर्षी मात्र ते आले नव्हते.

"दिवस काय आहेत!" गुंडेराव हळू आवाजात म्हणाले. "माणूस चांगला असेल. पण त्याला कुणी दरडावून विचारलं, तर तो काय सांगेल, हे तुम्ही सांगू शकता?"

मामंजी म्हणाले, "मी कुणाबद्दलच सांगू शकत नाही. तुमच्याबद्दलही नाही." गुंडेराव रागावून गेले. दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र वाचायला आले, पण छपराचा विषय काढला नाही.

मामंजींचा हात धरून मी टांग्यातून मलकपेठेला गेले. पुलाखाली मुसी नदी आटून पडली होती, दगड तापून पांढरे झाले होते. उस्मान मिस्त्री दारात बसून करवतीला धार लावत होते. मामंजींना बघून उठले, हात धरून त्यांना बाजेवर बसवलं. पण कामाचं ऐकल्यावर मान खाली घातली.

"नक्को, मास्टरसाब. इस साल मैं नई चढ़ता आपके छप्पर पे."

मामंजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मोतीबिंदूचे डोळे आवाजाच्या दिशेने नुसतेच उघडे राहिले.

"का रे? मी काही केलं?"

"आपने क्या करना, साब? मैं डरतूं." उस्मान मिस्त्री माझ्याकडे न बघता बोलत होते. "कल कुछ हुआ, तुम्हारे लोगां बोलेंगे उस्मान ने खबर दी. हमारे लोगां मेरे कू पूछेंगे, घर में क्या देखा. मैं कुछ देखनाच नई चाहता."

आतून कुणीतरी दोन पेले पाणी आणून ठेवलं. मग उस्मान मिस्त्रीच म्हणाले, "नरसय्या कू बुलाओ. काचीगुडे के फाटक के पास रहता. जुबान का कडवा है. मेरा और उसका बरसों से बात नई. पर काम आधा छोड के नई जाता."

परतताना मामंजी टांग्यात म्हणाले, "सूनबाई, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव सांगितलं त्याने."

नरसय्या खरोखरच कडू जिभेचा निघाला. उंच, काळा, कपाळावर आडवी आठी. घरात पाऊल टाकल्याबरोबर वर बघून म्हणाला, "अय्यो, ये कौन गधा बनाया?" मी सांगितलं, तुमचं नाव उस्मान मिस्त्रींनी दिलं. तेव्हा त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"उस्मान बोला? मेरा नाम?"

दोघांचं भांडण कुठल्याशा नवाबाच्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, कामावरून झालेलं. आढं वाकडं बसलं, ते कुणामुळे, यावरून. मग ना बोलणं, ना सलाम. नरसय्याने दुसऱ्याच दिवशी गडी घेऊन काम धरलं.

छप्पर उतरताना घर कसं होतं, हे आजच्या स्लॅबखालच्या माणसांना सांगून कळायचं नाही. भिंती जागेवर असतात, देव जागेवर असतात, आणि डोक्यावर एकदम आभाळ. स्वयंपाक करताना घार फिरताना दिसायची. इंजिनाचा धूर सरळ पातेल्यात उतरायचा. कवेलूंची लाल धूळ तांदळात, अंथरुणात, पापण्यांत. आपलं बोलणं वर निसटून जातं आहे असं वाटून मी आणि मामंजी कुजबुजत बोलायला लागलो होतो.

पुढच्या दोन खोल्या उघड्या पडल्या आणि एका सकाळी गडी आलेच नाहीत. सगळे नलगोंड्याकडचे. गावाकडून काहीतरी बातमी आली होती, रातोरात निघून गेले. नरसय्या एकटा आला आणि पायरीवर बसला. वर पश्चिमेला ढग जमत होते. मी मनात म्हटलं, आता हाही जाणार.

"तुमचं गावही तिकडेच ना?" मी विचारलं.

"तिकडेच, अम्मा. आई आहे तिथं."

"मग?"

तो चिडून म्हणाला, "उस्मान ने मेरा नाम बोला. मैं भाग गया तो वो पूरा मलकपेठ में हसेगा." आणि एकटाच वर चढला. पण मोठा वासा एका माणसाला उचलत नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा वासा निसटला आणि भिंतीचा कोपरा फुटला.

त्या दुपारी टांगेवाल्याकडून मामंजींनी मलकपेठेला निरोप धाडला. उलट निरोप काहीच आला नाही. पण दुसऱ्या सकाळी मी सडा घालत होते आणि कोपऱ्यावरून उस्मान मिस्त्री येताना दिसले, खांद्यावर करवत.

पुढचे दिवस ते दोघं छपराच्या दोन बाजूंना होते. रस्त्याकडचा उतार नरसय्याचा, अंगणाकडचा उस्मान मिस्त्रींचा, आणि शिडीवर मी. कारण ते एकमेकांशी बोलत नसत. "अम्मा, त्याला सांग, दोर सैल सोड." "बहू, उनकू बोलो, मेरे कू दिखता." हातभर अंतरावर दोन माणसं, आणि मी इकडचं तिकडे पोचवायची. कधी हसू यायचं. पण खाली रस्त्यावर बुटांचा आवाज आला की तिघंही थिजायचो.

अशात हे आले.

टळटळीत दुपार होती, मिस्त्री जेवायला गेले होते, गल्ली झोपली होती. अंगणाच्या दारातून एक दाढीवाला माणूस आत आला. शेरवानी, डोक्याला रुमी टोपी. मी ओरडणारच होते, इतक्यात तो आडाच्या काठाला धरून खाली बसला. अंग तव्यासारखं तापलं होतं. छावणीत हिवतापाने माणसं जात होती, औषध नव्हतं. मरायचं तर घरी, असं ठरवून हे वेष बदलून आले होते.

छप्पर शाबूत होतं फक्त शेवटच्या कोठीच्या खोलीला. तिथं ज्वारीच्या पोत्यांमागे मी अंथरूण घातलं. आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तीच खोली उघडायची होती.

"काम थांबवू या," मी म्हटलं.

मामंजी म्हणाले, "ढग आलेत आणि आपण काम थांबवलं, तर उद्या सगळी गल्ली विचारेल का थांबवलं. पुढच्या खोलीत न्यावं तर दार रस्त्यावर. नाही, सूनबाई. ज्यांना वर चढवलंय, त्यांच्यावर आता सोपवायचं."

"त्यांना सांगायचं?"

"सांगायचं नाही. सांगितलं की त्यांच्यावर ओझं."

मला त्यांचा राग आला. डोळे नसलेल्या माणसाला असा भरवसा ठेवणं सोपं असतं, असंही मनात येऊन गेलं. मिस्त्री निवडताना आपण काय काय बघतो! हात कसा आहे, काम वेळेवर करतो का. वर चढलेला माणूस खाली जे दिसेल त्याचं काय करेल, हे कुठून बघायचं?

सकाळी काम सुरू झालं तेव्हा मी कोठीच्या दारात होते. वरून कवेलू सरकल्याचा आवाज आला आणि उन्हाचा एक चौकोन सरळ ह्यांच्या तोंडावर पडला. तापाने लाल झालेले डोळे ह्यांनी उघडले. वर भोकात उस्मान मिस्त्रींचा चेहरा होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग उस्मान मिस्त्रींनी तेच कवेलू अलगद परत जागेवर ठेवलं आणि पलीकडच्या टोकापासून काम सुरू केलं. तरी छप्पर ते, उघडणं भागच होतं. दुपारपर्यंत खोलीवर जुनं काहीच उरलं नाही. मी पोत्यांवर एक सतरंजी आडवी टाकली. वरच्यांना त्या सतरंजीखालचा माणूस स्पष्ट दिसत होता. नरसय्याही एकदा वाकून बघून गेला. मला निरोप सांगायलाही कुणी हाक मारली नाही.

आणि 'ते' आले. चार-पाच जण. पुढचा जेमतेम मिसरूड फुटलेला, पण बंदूक त्याच्याच हातात. मामंजी पुढच्या खोलीत बसले होते.

"आपका लड़का कहाँ है?"

"मुंबईला," मामंजी शांतपणे म्हणाले, आणि तेच उर्दूत पुन्हा सांगितलं.

"सुना है, आया हुआ है. घर देखना है."

मी मधल्या दारात उभी होते. माझ्यामागे खोली, खोलीत सतरंजी, वर आभाळ. ह्यांना खोकला आला तर संपलं, एवढंच डोक्यात होतं.

वरून उस्मान मिस्त्रींचा आवाज आला. "क्या देखते, मियाँ? यहाँ से पूरा घर दिखता. छप्परच नई है. मैं कब से देखरूं. एक अंधे मास्टरसाब, एक उनकी बहू. और कोई नई."

पुढच्याने वर बघितलं. "कसम?"

आढ्यावर बसलेल्या त्या माणसाने खाली खोलीत बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. हातातली करवत बाजूला ठेवली आणि दोन्ही पंजे पुढे धरले. "मेरे दोनों हाथां की कसम."

बंदूक नरसय्याकडे वळली. "तू बोल."

नरसय्याच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. "मैं इसके साथ बात नई करता, साब. पूरा काचीगुडा जानता. बहुत खराब आदमी है. पर इतना बोलतूं, झूठ नई बोलता."

ते पोरगं थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलं. मग बाकीच्यांना घेऊन निघून गेलं.

मी पुढचं दार लावून घेतलं. वर उस्मान मिस्त्रींनी करवत उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. नरसय्या आढ्यावरून सरकत सरकत त्यांच्याजवळ गेला, स्वतःचा पाण्याचा लोटा पुढे केला आणि म्हणाला, "उस्मान, पानी पी."

दोघांनी मिळून पाऊस लागायच्या आत छप्पर पुरं केलं. तोवर ह्यांचा ताप उतरला आणि हे तीच शेरवानी घालून परत गेले. श्रावण अर्धा झाला तरी घरात थेंब आला नाही.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. गल्लीत तिरंगे लागले, बंद घरांची कुलपं निघाली, हे हार घालून घरी आले. गुंडेरावांनी पेढे वाटले. मी रडत होते, हसत होते. मामंजी मात्र दारात बसून रस्त्यावरचे आवाज ऐकत होते. "घोषणा देणारे बदलले," ते म्हणाले, "ओरडायची तऱ्हा तीच आहे."

त्याच आठवड्यात उस्मान मिस्त्री आले. अंगणाच्या दाराने. त्यांची बहीण बीदरकडच्या एका खेड्यात दिली होती. तिकडून बऱ्या बातम्या येत नव्हत्या, आता सूड मुसलमान वस्त्यांवर निघत होता. ते तिला आणायला निघाले होते आणि जाण्याआधी मामंजींना सलाम करायला आले होते, एवढंच. काही मागायला नाही.

"एकटा जाऊ नकोस," मामंजी म्हणाले. "आता तुला विचारतील, तू कोण."

हे आत जेवत होते. हात धुऊन बाहेर आले. "मी येतो बरोबर."

मी ह्यांचा सदरा धरला. आत्ताच तर आलात, असं म्हणाले असेन. माझं बोलणं ऐकून उस्मान मिस्त्री दोनदा म्हणाले, नक्को, आप रहो. हे ऐकेनात. खादीची पांढरी टोपी घातली आणि निघाले. काचीगुड्याच्या फलाटावरून गाडी हलताना दोघं एकाच बाकावर बसलेले मी पाहिले. मग पुन्हा तेच दिवस. दाराचा आवाज झाला की उठून बसायचं. फरक इतकाच, की आता डोक्यावर छप्पर होतं आणि शहर आनंदात होतं.

परत आले ते पाच जण. उस्मान मिस्त्री, त्यांची बहीण, तिच्या दोन मुली, आणि हे. बहिणीचा नवरा बरोबर नव्हता. कुणी विचारलं नाही.

मलकपेठेतल्या त्यांच्या घराला लागून एक पडकी पडवी होती, ती बहिणीसाठी नीट करायची ठरली. नरसय्या न बोलावता आला. त्या दिवशी ह्यांनीही धोतर खोचलं. जन्मात कधी वीट न उचललेला माणूस, सकाळपासून दिवस कलेपर्यंत कवेलू वर देत राहिला. गुंडेराव सभेला बोलवायला तिथवर आले होते. मैदानात सत्कार होता, ह्यांनी भाषण करायचं होतं. "आज नाही," हे म्हणाले आणि पुढचं कवेलू उचललं. पुढेही सभेत हे क्वचितच बोलले.

मी सगळ्यांचा डबा घेऊन गेले होते. ह्यांचे हात सोलवटलेले होते. मी पाणी घातलं, हे हात धूत होते, आणि तेव्हा मी एकदाच विचारलं, "तिकडे काय पाहिलंत?"

ओले हात तसेच धरून हे वर बघत राहिले. छपरावर दोन्ही मिस्त्री कशावरून तरी भांडत होते, आणि त्या बाईच्या धाकट्या मुलीने मान वर करून तोंड उघडं टाकलं होतं.

"घरं उभी होती," हे म्हणाले. "छपरं नव्हती."